आधी पाणी, मग परस

देवरुखपासून थोड्या अंतरावर, उताराला आमचं घर आहे. घरामागे दोन-अडीच गुंठ्यांचं परस आणि त्याच्या वरच्या अंगाला आंबा-काजूची कलमं. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हापासून आमच्या वाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी कलमंच असतात. त्यांचं उत्पन्न वहीत लिहिलं जातं. परसातून रोज टोपलीभर काही ना काही घरात येतं, ते कुणी लिहीत नाही. ते काम घरातल्या बायकांचं. आमच्या घरात ते आधी सासूबाईंकडे होतं आणि त्यांच्यामागून माझ्याकडे आलं.

मी मूळची बार्शीकडची, काळ्या रानातली. तिकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण पडलेला पाऊस जमीन धरून ठेवते. सप्टेंबरात चांगली ओल झाली की त्या ओलीवर ज्वारी निघून येते. इकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि एप्रिलमध्ये विहिरीत दोर पुरत नाही. जांभ्या दगडापासून झालेली लाल माती पाणी पिते आणि लगेच सोडूनही देते. उतार असेल तर चार दिवसांत ते खाली वहाळाला लागतं. जाताना मातीतला चुना, पालाश, नत्र असं सगळं घेऊन जातं. म्हणून ही माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी. काळ्या मातीत खत घातलं की वर्षभर त्याचा गुण दिसतो. इथे जूनच्या तोंडावर घातलेलं खत जुलैत शेजारच्याच्या शेतात गेलेलं असतं.

सासूबाईंनी मला परसातलं पहिलं काम दिलं ते नुसतं बघण्याचं. आषाढातला मोठा पाऊस लागला होता. त्या म्हणाल्या, "जा, इरलं घे आणि मागे फिरून ये. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते बघून मला सांग." मी फिरून आले. न्हाणीमागे पाणी साचत होतं. विहिरीच्या वाटेने लाल ओहोळ चालला होता. पागोळ्या जिथे पडत तिथे जमीन उखडून खडे वर आले होते. गडग्याच्या कडेला मात्र माती घट्ट आणि पाणी कुठेच नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं. आता तुला कळलं काय कुठे लावायचं ते."

आजही कुणी नवीन घर बांधून विचारायला आलं की मी हेच सांगते. रोपवाटिकेत जायच्या आधी एक पाऊस आणि एक मे महिना नुसता बघा. पावसात पाणी कुठे थांबतं आणि मे महिन्यात कुठला कोपरा हिरवा राहतो, या दोन गोष्टी कळल्या की बागेचा अर्धा नकाशा तयार होतो. उरलेला अर्धा उन्हाचा. आपल्याकडे साधारण १० मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून घराच्या उत्तरेला पावसाळी वेल चांगले येतात. तीच जागा डिसेंबरात दिवसभर घराच्या सावलीत जाते. वांगी, मिरची, कोथिंबीर यांचे हिवाळी वाफे दक्षिणेच्या बाजूला हवेत. हे न बघता कायमचे वाफे बांधले की अर्धं वर्ष त्यांतला एक भाग नावाला राहतो.

न्हाणीमागे साचणाऱ्या पाण्यात केळी, अळू आणि कर्दळ. ही जुनी रीत आहे आणि ती बदलायचं मला कधी कारण दिसलं नाही. केळीची मुळं वरच्या थरात पसरतात, तिला सतत ओल लागते आणि तिची भूक मोठी. दोन केळींत पाच-सहा फूट अंतर ठेवायचं. बुंध्याशी मुनवे फुटतात, त्यांतला एक जोमदार ठेवायचा आणि बाकीचे कोयतीने मुळाशी उडवायचे. सगळे ठेवले तर बेट मोठं दिसतं, घड मात्र हातात मावेल एवढा येतो. घडाची शेवटची फणी सुटली की केळफूल काढून घ्यायचं. भाजी होते आणि घड भरतो. घड उतरवल्यावर खांब तिथेच तुकडे करून बुंध्याशी पसरायचा, त्यात पाणी आणि पालाश दोन्ही असतं.

अळवाचे दोन प्रकार ठेवावेत. काळ्या देठाचं वडीचं आणि हिरव्या देठाचं भाजीचं. घसा खाजतो तो अळवातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांमुळे, म्हणून चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय ते शिजवत नाहीत. पानं कापताना मधलं कोवळं पान राखायचं, म्हणजे गड्डा थकत नाही.

सांडपाण्याबद्दल दोन पथ्यं आम्ही पाळतो. न्हाणीच्या पाण्याला दोन पाट आहेत. आठवडा एकात आणि आठवडा दुसऱ्यात पाणी सोडायचं, म्हणजे साबणाने माती चिकट होत नाही आणि डासही होत नाहीत. कच्चं खायचं काही, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, मुळा, या पाण्यावर घ्यायचं नाही. कपड्यांच्या पावडरचं पाणी लांबच्या माडाला जातं, माडाला थोडा खार सोसतो. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत धरायचं. ते कढीलिंबाला आणि दारच्या मिरचीला. पागोळ्यांच्या रेषेत आम्ही जांभ्याचे खडे पसरले आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला गवती चहा लावला. माती उखडायची थांबली आणि चहाचीही सोय झाली.

बागेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं असं वाटतं, खरं म्हणजे ते मे महिन्यात सुरू होतं. वेलांसाठी आळी याच महिन्यात खणायची. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड-दोन फूट खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्यायचा. मग तळाला पातेरा, त्यावर वरची माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत सारखं मिसळून भरायचं. खालची माती सगळ्यात वर किंवा बांधाला. शेणखत कुजलेलं हवं हे मी पुन्हा सांगते, कारण घाईत सगळे इथेच चुकतात. हाताने चुरून बघावं. शेणाचा वास येत असेल, गोळे ओले असतील, तर ते कच्चं आहे. कच्चं शेण जमिनीत कुजताना तापतं, कोवळी मुळं भाजतात आणि हुमणीला घर मिळतं. शेणाच्या खड्ड्यातच गेंड्या भुंग्याच्या जाड पांढऱ्या अळ्या वाढतात. त्या भुंग्याने माडाचा कोंब खाल्ला की नवी झावळी पंख्यासारखी कातरलेली निघते. म्हणून खत काढताना अळ्या वेचायच्या. आमच्या अंगणातल्या कोंबड्या फावडं बघूनच धावत येतात.

पातेऱ्याचं खतही घरचंच. आंब्याचं आणि काजूचं पान चामट असतं, नुसतं ढीग घालून ठेवलं तर वर्षभर तसंच राहतं. ते आधी खळ्यात पसरून पायाखाली चुरायचं, मग त्यात गिरिपुष्पाचा ओला पाला आणि शेणकाला घालायचा. सुकं तीन भाग, ओलं एक भाग. ढीग मुठीत दाबला तर हाताला ओल लागावी, थेंब गळू नये. पंधरा दिवसांनी वरखाली करायचा. पावसाळ्यात ढिगावर झापांचं किंवा पत्र्याचं छप्पर हवंच. उघड्या ढिगातलं सत्त्व पहिल्याच पंधरवड्यात वाहून जातं आणि मागे काडीकचरा राहतो. गिरिपुष्प कुंपणालाच लावलेलं असतं. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढ्या जाड फांद्या वईत रोवल्या की फुटतात. दर वर्षी छाटून पाला मिळतो, खांब म्हणून मांडवाला उपयोग होतो आणि गुरंही ते फारसं खात नाहीत.

कुंपणापाशीच परस संपतं असं नाही. माडावर मिरीचा वेल चढवता येतो. जमिनीलगत पसरणाऱ्या फांदीचे दोन-तीन पेरांचे तुकडे रुजतात. वेल माडाच्या उत्तरेकडच्या अंगाला लावावा, म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यातलं तिरकं ऊन त्याच्या बुडाशी लागत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या आगेमागे, वेलांचं बी पडतं. पडवळ, कारली, शिराळी, दुधी, काकडी, भोपळा. कारल्याचं आणि पडवळाचं कवच टणक असतं. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं तर लवकर फुटतं. मी थोडं बी मे महिन्याच्या शेवटी करवंट्यांत माती भरून ओटीवर टाकते. पाऊस स्थिरावेपर्यंत रोपं दोन-तीन पानांची होतात आणि आळ्यात हलवता येतात. सरळ आळ्यात पेरायचं तर एका जागी चार बिया टाकून पुढे दोनच रोपं ठेवायची. उपटायला जीव होत नाही, पण चारही ठेवली तर चारही लुकडी राहतात.

आणि इथे बार्शीचं डोकं बाजूला ठेवावं लागतं. तिकडे आळं म्हणजे पाणी धरायला केलेला खोलगा. कोकणात तो उन्हाळ्यात बरोबर. पावसाळ्यात आळं उलटं करायचं, मधे उंच आणि कडेला चर. वेल उंचवट्यावर, पाणी चरातून बाहेर. हळद, आलं, मिरची, भेंडी सगळ्यांना पावसाळ्यात गादीवाफाच हवा, निदान वीतभर उंच. चार महिने पाणी बाहेर काढायचं आणि आठ महिने आत धरायचं, म्हणून इथे वर्षातून दोनदा मातीचा आकार बदलावा लागतो. सप्टेंबरअखेरीस मी कुदळ घेऊन तेच उंचवटे मोडते आणि खोलगट आळी करते. परसातलं सगळ्यात कष्टाचं काम हेच आहे आणि ज्यांची बाग उन्हाळ्यात जळते त्यांच्याकडे बहुधा हेच राहून गेलेलं असतं.

मांडव बी पडायच्या आधी उभा हवा. वेल हातभर झाल्यावर खड्डे खणायला गेलं की मुळं तुटतात. पाच-साडेपाच फूट उंची पुरे, म्हणजे खालून हात पोचतो. पडवळ वाकडं व्हायला लागलं तर त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा खडा बांधायचा, ते सरळ लोंबतं.

जुलैत एक प्रश्न हमखास येतो, वेल भरून फुलतो आणि फळ एकही नाही. आधी नरफुलं येतात, ती गळतातच. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं फळ आधीपासून असतं, त्यावरून ते ओळखायचं. झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि ते इवलं फळ पिवळं पडून गळतं. अशा वेळी नरफूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे परागकण मादीफुलाच्या मध्यावर हलके टेकवायचे. फक्त वेळ सांभाळायची. भोपळा, काकडी आणि कारलं सकाळी फुलतात, त्यांचं काम उजाडल्यावर लगेच. शिराळी, दुधी आणि पडवळ संध्याकाळच्या फुलांचे, त्यांच्याकडे दिवेलागणीला जायचं. सकाळच्या फुलांकडे संध्याकाळी गेलं तर ती मिटून गेलेली असतात.

फळमाशी हे दुसरं दुखणं. कोवळ्या फळाला ती बारीक भोक पाडून अंडी घालते, फळ वाकडं होतं आणि आतून कुजतं. किडकं फळ वेलाखाली टाकू नये, शेणाच्या खड्ड्यातही टाकू नये. हातभर खोल पुरावं नाहीतर पाणी भरलेल्या बादलीत दोन-तीन दिवस बुडवून ठेवावं. वेलभाज्यांसाठी क्यू-ल्युअरचा गंधसापळा मिळतो, तो मांडवाला टांगावा. आंब्यासाठीचा मिथिल युजेनॉलचा सापळा इथे चालत नाही, माशीची जात वेगळी. दुकानात विचारून घ्यावं. वेलावर चांगली धरलेली दोन-तीन फळं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली तर औषधाशिवाय वाचतात, पण पावसात कागद टिकत नाही, मग जुन्या साडीच्या पिशव्या शिवाव्यात.

गोगलगायी रात्री निघतात. मिठाने मरतात खऱ्या, पण मीठ मातीत राहतं. ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला अंथरून ठेवायचं आणि सकाळी उलटायचं, खाली जमलेल्या असतात. वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. माव्यासाठी निंबोळी अर्क पुरतो. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळायची, त्यात चमचाभर साबणाचं पाणी घालायचं आणि ऊन उतरल्यावर, उघडीप बघून पानाच्या खालच्या बाजूने फवारायचं. पाऊस येणार असेल तर श्रम वाया.

जुलैअखेर पानं पिवळी पडू लागतात. तो रोग नव्हे, नत्र धुऊन गेलेलं असतं. एकदम घमेलंभर खत घालण्याऐवजी दर आठ-दहा दिवसांनी पातळ शेणपाणी थोडं थोडं द्यावं. या मातीत खताचा नियम एवढाच की थोडं थोडं द्यायचं, पण सारखं द्यायचं. बुंध्याशी पातेरा अंथरला तर पावसाच्या थेंबाने माती पानांवर उडत नाही आणि पानांवरचे ठिपके निम्मे कमी होतात.

हळद मे-जूनमध्ये लावली की श्रावणात तिची पानं पातोळ्यांना मिळतात. मात्र एका झाडाची सगळी पानं ओरबाडू नयेत, एक-दोनच घ्यावीत, कारण खालचा कंद त्याच पानांवर पोसतो. जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळून आडवी झाली की खणायची. दर वर्षी जागा बदलायची, एकाच वाफ्यात घेतली की कंद कुजतो.

दसरा उलटला की हिवाळी वाफे. इथे लाल मातीचा एक डाव माहीत असलेला बरा. वांग्याचं किंवा टोमॅटोचं झाड फळावर येतं आणि दोन-तीन दिवसांत हिरवंच्या हिरवं कोमेजतं. पाणी दिलं तरी उठत नाही. ही जीवाणूजन्य मर. ओळखायची सोपी युक्ती आहे. झाड उपटून जमिनीलगतचा खोडाचा तुकडा कापायचा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरायचा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार उतरू लागली तर मरच. मग औषधाला पैसे घालवू नयेत. झाड मुळासकट काढून जाळावं आणि त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा यांतलं काहीच घेऊ नये. तिथे माठ, मुळा, वाल, मका घ्यावा. पाणीही त्या वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये, रोग पाण्याबरोबर चालतो.

जमिनीचा आंबटपणा कमी करायला चुलीची राख चांगली, पण मोजून. वाफ्याला मूठ-दोन मुठी, मातीत मिसळून. ओल्या शेणखताबरोबर राख एकदम घातली तर नत्र वायू होऊन उडून जातं, दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवावं. माती तपासून घेतली की अंदाजाने घालणं थांबतं. परसात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंतची माती खरवडायची, सगळी एकत्र मिसळून गोल पसरायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यायची. खताच्या ढिगाजवळची आणि न्हाणीजवळची माती त्यात घेऊ नये, आकडे फसवतात.

धने पेरताना ते चपलेने रगडून दोन फाकी करावेत, अख्खे पेरले तर उशिरा आणि विरळ उगवतात. माठ एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी वीतभर पट्ट्यात पेरावा, म्हणजे महिनाभर भाजीच भाजी आणि पुढे काहीच नाही असं होत नाही. वाल पेरायला भाताची कापणी झाल्यावरची ओल आणि पुढे पडणारं दव बऱ्यापैकी पुरतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या हवेसाठी वाण काढलेले आहेत. कारल्याचा कोकण तारा, पडवळाचा कोकण श्वेता, शिराळ्याचा कोकण हरिता, वालाचा कोकण भूषण. बाहेरची रंगीत पाकिटं घेण्यापेक्षा हे विचारावेत.

माकडांचं बोलल्याशिवाय कोकणातल्या परसाचं बोलणं पुरं होत नाही. पपई, पेरू, चवळीच्या शेंगा, कोवळी काकडी माकडं ठेवत नाहीत. डबे वाजवणं, फटाके, बुजगावणी, सगळ्यांची त्यांना सवय होते. आम्ही भांडण कमी केलं आणि पिकं बदलली. हळद, आलं, अळू, मिरची यांना ती आमच्याकडे सहसा हात लावत नाहीत. जमिनीखाली सुरण, कोनफळ, कणगर असतं आणि कुंपणावर करांदे. सुरणाचं आणि कोनफळाचं बियाणं पावसाच्या तोंडावर खोल, भुसभुशीत खड्ड्यात टाकायचं, कोनफळाचा वेल झाडावर नाहीतर वईवर सोडायचा आणि पाला वाळला की खणायचं. घराजवळ असलं तर रानडुकरंही सहसा येत नाहीत. या कंदांना पावसाळ्यात लक्ष द्यावं लागत नाही, उन्हाळ्यात पाणी लागत नाही आणि घरात महिनोन् महिने टिकतात. ज्याला वेळ कमी आहे त्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी.

फेब्रुवारीपासून विहिरीकडे लक्ष. तेव्हा ठरवावं लागतं कुणाला जगवायचं आणि कुणाला सोडायचं. संपत आलेली वांगी, जून झालेला माठ यांना पाणी घालत बसू नये. ते पाणी लिंबाला, कढीलिंबाला आणि नव्या माडाला जावं. बुंध्यापासून हातभर लांब, तेलकट रंग न दिलेलं, साधं सच्छिद्र मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून वर झाकण ठेवायचं. पाणी हळूहळू झिरपतं, वर ओल दिसत नाही म्हणून तणही उगवत नाही. वरून चार बोटं पातेरा. पाणी संध्याकाळी द्यायचं. दुपारी दिलेलं निम्मं उन्हालाच जातं.

या दिवसांत बियाण्याचं काम होतं, पण बियाण्याचं फळ ऑगस्टमध्येच राखलेलं असतं. पहिलं फळ नव्हे, शेवटचंही नव्हे. वेल भरात असताना आलेलं, निरोगी, मधलं फळ निवडून त्याला लाल चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी तोडत नाही. शिराळी वेलावरच खडखडीत वाळू द्यायची. पडवळ पिकून शेंदरी झालं की फोडून आतल्या लाल गरातून बी काढायचं. काकडी पिवळी-तपकिरी झाली की बी गरासकट एक-दोन दिवस पाण्यात ठेवून चोळून धुवायचं. मग सावलीत वाळवून, राखेत घोळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत. बाटलीवर नाव आणि साल लिहायचं. सगळी बियाणी वाळल्यावर एकसारखीच दिसतात असं जूनमध्ये लक्षात येतं. संकरित वाणाचं बी धरण्यात अर्थ नाही, पुढच्या पिढीत ते आईवर जात नाही. एकाच परसात काकडीच्या दोन जाती लावल्या तर त्यांचंही बी मिसळतं.

नवीन माणसाने पहिल्या वर्षी किती लावावं? न्हाणीमागे दोन केळी आणि अळू. दाराशी कढीलिंब. दोन आळी वेलांची, एक पडवळाचं आणि एक काकडीचं. एक वाफा हळदीचा. वईला करांदे. हिवाळ्यात एक वाफा माठाचा आणि एक वालाचा. एवढंच. चार माणसांच्या घराला याने सगळी भाजी पुरत नाही आणि पुरावी अशी अपेक्षाही नसावी. कांदे, बटाटे, कोबी आम्ही बाजारातूनच आणतो. या हवेत त्यांच्यामागे लागण्यापेक्षा जे सहज येतं ते भरपूर घ्यावं आणि वाडीत वाटावं.

वेळ किती जातो, हे सगळे विचारतात. मे महिन्यातली खणणी आणि सप्टेंबरअखेरची उलथापालथ, या दोन वेळा गडी लावावा लागतो किंवा घरातल्या सगळ्यांना अंग मोडून काम करावं लागतं. एरवी सकाळचा अर्धा तास पुरतो, पण तो रोज द्यावा लागतो. रविवारी चार तास देऊन बाकी आठवडा तिकडे फिरकायचं नाही, हे परसाला चालत नाही. किडकं फळ रविवारपर्यंत थांबत नाही आणि पाटात अडकलेला पातेराही थांबत नाही. ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी वेलांच्या नादी न लागता केळी, हळद, कढीलिंब आणि कंद लावावेत. त्यांचंही परस चांगलं होतं आणि बाजारात जाण्याचे चार हेलपाटे वाचतात.